गोळा कोणी दिला?

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी गुलाबराव तायडे यांचं नाव घेईन. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. रुळांचे सांधे बदलायचे, झेंडी दाखवायची, गाडीला गोळा द्यायचा, ही त्यांची कामं. मी त्याच स्टेशनचा मास्तर होतो. हुद्द्यानं मी वर, ते खाली. मासिकातल्या लेखात असं नाव घेतलं की पुढे गोड आठवणी येतील अशी वाचकांची अपेक्षा असते. या लेखात तशा आठवणी कमी आहेत. मी हे रागानं लिहितो आहे, आणि त्यातला बराचसा राग माझ्यावरचाच आहे.

आमचं घर चांदूर रेल्वे तालुक्यातलं, माळ्याचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजाराच्या दिवशी टोपल्यांनी नेऊन विकायचं. घराण्यात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. अमरावतीच्या कॉलेजात बसनं जाऊन-येऊन बी.ए. झालो. रेल्वेची परीक्षा पास झालो तेव्हा वडिलांनी मळ्यातली सगळी झेंडूची फुलं तोडून गावच्या शाळेत नेऊन दिली. गुरुजींनी विचारलं, "एवढी फुलं कशाला?" वडील म्हणाले, "ज्या खोलीत शिकला त्या खोलीले लावा." शाळेनं मला घडवलं हे मी कधी विसरलो नाही. पण शाळेत जे शिकवत नाहीत ते मला गुलाबभाऊंनी शिकवलं.

पहिली नेमणूक अकोल्याहून सातपुड्याच्या दिशेला जाणाऱ्या छोट्या लाइनवर झाली. स्टेशनचं नाव सांगत नाही, त्या गावात अजून माझ्या ओळखीची माणसं आहेत. एक फलाट, दोन रूळ, एक कडुनिंब, पाण्याची टाकी आणि माझी खोली. दिवसाकाठी मोजक्या गाड्या.

बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून थोडं सांगतो. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. समोरासमोर दोन गाड्या सुटल्या तर संपलंच. हे होऊ नये म्हणून इंग्रजांनी त्यांच्या देशात एक युक्ती काढली आणि तीच इकडे आणली. दोन्ही स्टेशनांत एकमेकांशी तारेनं जोडलेली यंत्रं असतात आणि यंत्रांत लोखंडी गोळे असतात. पलीकडच्या मास्तरानं घंटेवर होकार दिल्याशिवाय माझ्या यंत्रातून गोळा निघत नाही. एक गोळा बाहेर निघाला की दोन्हीकडची यंत्रं बंद. तो गोळा चामडी पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला बांधलेली, ती कडी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ज्याच्याकडे गोळा, त्याचा रस्ता. गाडी पुढच्या स्टेशनला पोचली की ड्रायव्हर कडी परत देतो. तिथल्या मास्तरानं पिशवी उघडून, गोळ्यावरचं नाव वाचून, तो लगेच यंत्रात टाकायचा आणि मागच्या स्टेशनला घंटा द्यायची, गाडी पोचली म्हणून.

इतकं सोपं आणि इतकं पक्कं. यात चूक व्हायला एकच जागा आहे. आलेल्या गाडीचा गोळा यंत्रात न टाकता त्याच गाडीला परत गेला, तर ड्रायव्हर मागच्या रस्त्याचा गोळा घेऊन पुढच्या रस्त्यावर निघतो. पिशवी सगळ्यांची सारखीच दिसते.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी चालत्या गाडीला कडी द्यायला उभा राहिलो. नियमानं ते पॉइंट्समनचं काम, पण मला हौस. कडी ड्रायव्हरच्या हाताला लागण्याऐवजी माझ्याच गळ्यात अडकली आणि मी फलाटावर आडवा.

"मास्तर," गुलाबभाऊ मला उठवत म्हणाले, "गोळा गाडीले द्याचा असते. सोताले घालून गावाले जायाचं असन तं तिकीट काढा."

तेव्हा ते चाळिशीचे होते. सडपातळ, हरणासारखे पळणारे. इंग्रजी येत नव्हतं, मराठीही अडखळत वाचायचे. पण कोणत्या बाजूचा गोळा आहे हे नुसत्या बोटांनी ओळखायचे, कारण दोन्ही बाजूंच्या गोळ्यांच्या खाचा वेगळ्या असतात. मला त्यांनी घंटेचा कान दिला. पलीकडचा मास्तर चिडलाय की झोपेत आहे, हे ते घंटेच्या ठोक्यावरून सांगायचे. "हे पाहा, तिसरा ठोका मागे पडला. चहा हातात हाय त्याच्या." मी फोन करून विचारलं तर खरंच तो चहा पीत होता.

आता त्या दिवसाचं सांगतो. दुपारचे चार वाजले असतील. डोंगराकडून पॅसेंजर आली, तिला पुढे अकोल्याकडे जायचं होतं. ठरल्याप्रमाणे ती पुढच्या स्टेशनला जाणार आणि तिथे मालगाडीला भेटणार. गुलाबभाऊंनी ड्रायव्हरकडून कडी घेतली आणि माझ्या हातात आणून दिली. मी पिशवी उघडणार एवढ्यात फोन वाजला. मी कडी टेबलावर ठेवली. फोनवर पुढच्या स्टेशनचा मास्तर होता. बेत बदलला होता. त्याची मालगाडी आधी माझ्याकडे येणार, तोवर पॅसेंजर माझ्याकडेच थांबणार. मी घंटेवर त्याला होकार दिला. त्यानं गोळा काढला, मालगाडी तिकडून निघाली. माझ्या यंत्राची सुई फिरून 'गाडी येत आहे' वर थांबली.

तेवढ्यात फलाटावर गलका झाला. एका म्हाताऱ्याची शेळी दोरी तोडून डब्याखाली शिरली होती. मी धावलो. गार्ड आला, ड्रायव्हर उतरला, अर्धी गाडी उतरली. शेळी एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे. म्हातारा वाकून तिला विनवत होता, "ये वं माय, ये, साऱ्याईचा टाइम खाऊन राह्यली तू." कोणी ज्वारीचं कणीस दाखवलं, कोणी झेंडी हलवली. दहा-बारा मिनिटांनी शेळी आपल्या आपण बाहेर आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत हसत खोलीत आलो. ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देत होता. डोक्यात सकाळचाच बेत होता, पॅसेंजर पुढे जाणार. टेबलावर कडी होती, ती पुढच्या रस्त्याचीच असं मी धरून चाललो. मी ती उचलली आणि गुलाबभाऊंच्या हातात दिली. सुईकडे पाहिलं नाही. पिशवी उघडली नाही.

गाडी हलली. शेवटचे डबे फलाट सोडत होते तेव्हा डोंगराकडच्या यंत्राची घंटा वाजली. मागच्या स्टेशनचा मास्तर विचारत होता, गाडी पोचून इतका वेळ झाला, गोळा का टाकला नाही? मी गोळा टाकायला टेबलाकडे वळलो. टेबल रिकामं होतं.

मी खिडकीतून ओरडलो, "गुलाबभाऊ! गाडी!" त्यांनी का म्हणून विचारलं नाही. लाल झेंडी घेऊन ते रुळाच्या कडेनं असे पळाले की चप्पल मागे पडली. गार्डनं झेंडी पाहिली आणि ब्रेक ओढला. इंजिन शेवटच्या सांध्याच्या पलीकडे जाऊन थांबलं होतं. गाडी मागे घेतली, दुसरी लाइन लावली. थोड्याच वेळात मालगाडी आमच्या सिग्नलबाहेर येऊन शिट्टी वाजवत उभी राहिली. ती शिट्टी ऐकली तेव्हा कुठे मी पिशवी उघडून गोळ्यावरचं नाव वाचलं.

कोणाला खरचटलंही नाही. पण चौकशी लागली.

आमचे मोठे मास्तर, म्हणजे स्टेशनचे मुख्य, त्या दिवशी सुट्टीवर होते. ते आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तू प्रोबेशनवर आहेस. हे तुझ्यावर आलं तर उद्या घरी." मग त्यांनी पेन्सिलनं जबानीचा मसुदा लिहिला, तो असा: मास्तरांनी कडी टेबलावर ठेवली होती आणि नवीन गोळा अजून काढलेला नव्हता. पॉइंट्समननं मास्तरांना न विचारता टेबलावरची कडी परस्पर उचलून ड्रायव्हरला दिली.

मी म्हणालो, "पण हे खोटं आहे."

मोठे मास्तर म्हणाले, "मग खरं लिही आणि मेथी विक."

गुलाबभाऊ दाराशी उभे होते. आत आले आणि म्हणाले, "मास्तर, करून टाका सही. मले काय होते? लय झालं तं फाटकावर पाठवतीन. तुमची तं नोकरीच जाईन. आपल्यातला एक पोरगा या खुर्चीवर बसला, त्याले उठू द्याचं नाही मले."

मी सही केली.

तीन साहेब चौकशीला आले. त्यांना चहा दिला, जबान्या वाचून दाखवल्या. तिघांपैकी एकानंही यंत्राची खोली नीट पाहिली नाही. गुलाबभाऊंना एकानं विचारलं, "वाचता येतं का?" ते म्हणाले, "कमीच." साहेबानं मान हलवली, जणू सगळं उलगडलं. पिशवी उघडून गोळ्यावरचं नाव न वाचल्याबद्दल ड्रायव्हरला शिक्षा झाली, ती बरोबर होती. गुलाबभाऊंच्या कागदावर 'निष्काळजीपणा' लिहिलं गेलं. कॅबिनमन, म्हणजे कॅबिनमधून लिव्हर ओढून सांधे आणि सिग्नल चालवणारा, व्हायची त्यांची परीक्षा ठरली होती, तिच्यातून नाव कापलं. बदली एका आडवळणाच्या फाटकावर झाली आणि निवृत्तीपर्यंत ते फाटकच उघडत-लावत राहिले. ज्या माणसाच्या पायांनी दोन गाड्या वाचल्या त्याला फाटकाजवळच्या स्टुलावर बसवलं. ज्यानं गोळा दिला तो खुर्चीवर राहिला, बढत्या घेत गेला.

रेल्वेत असो की दुसऱ्या कुठल्या खात्यात, दोष नेहमी पाण्यासारखा खाली वाहतो. सगळ्यात खालच्या माणसापाशी येऊन थांबतो, आणि मग वरच्या सगळ्यांना कोरडं वाटतं. त्याला 'मानवी चूक' असं गोंडस नाव आहे. मला या नावाची चीड आहे. कोण मानव, ते कोणी सांगत नाही.

याहून वाईट पुढे आहे. शेवटची काही वर्षं मी रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत नव्या मास्तरांना शिकवायला होतो. तिथे एका मोठ्या टेबलावर छोटे रूळ, छोटे सिग्नल, खरी यंत्रं मांडलेली असत आणि त्यावर खेळण्यातल्या गाड्या चालवून नियम शिकवायचे. मला ते काम फार आवडायचं. आणि गोळ्याचा धडा आला की मी प्रत्येक तुकडीला ही गोष्ट सांगायचो. शेळीसकट. पोरं हसायची. शेवटी मी म्हणायचो, "आणि पॉइंट्समननं न विचारता कडी उचलली." सही एकदाच केली होती. खोटं मी वर्षानुवर्षं, खडू हातात घेऊन बोललो.

निवृत्त होऊन अमरावतीत राहायला आलो आणि दाढ दुखली. दाताचे डॉक्टर देव यांच्याकडे गेलो. त्यांच्या खोलीत काचेच्या पेटीत एक इंग्लंडमधलं खेड्यातलं स्टेशन होतं. बोटाएवढं इंजिन, काडीएवढे सिग्नल, फलाटावर टोपीवाला मास्तर. तोंडात नळी असताना माझी नजर तिकडे गेली आणि मी हातवारे करू लागलो.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी नळी काढली.

"डॉक्टर, फलाटावर गाडी उभी आहे आणि तुमच्या बाहेरच्या सिग्नलचा हात खाली आहे, म्हणजे रस्ता मोकळा. मागून दुसरी गाडी येईल."

दाढ तशीच उघडी ठेवून डॉक्टरांनी आधी सिग्नल वर केला. मग म्हणाले, "काका, चार वर्षं ही पेटी इथे आहे. आजपर्यंत कोणीच बोललं नाही."

असा मी त्यांच्या मंडळात गेलो. सात-आठ जण आहेत, बँकेतले, कॉलेजातले, एक हार्डवेअरचे दुकानदार. सगळे इंग्लंडच्या जुन्या रेल्वेचे वेडे. तिथल्या कुठल्या फाट्यावर कोणत्या रंगाचे डबे जायचे, घंटेचे किती ठोके म्हणजे कोणती गाडी, हे त्यांना तोंडपाठ. इंटरनेटवर तिकडच्या हौशी लोकांशी रोज चर्चा. सुरुवातीला मला हसू यायचं. चाळिशी ओलांडलेली माणसं डब्याच्या पायरीचा रंग बरोबर की चूक यावर रागावून घरी जातात! पण घंटेचे ठोके निघाले की मी शेर. ते ठोके मी पुस्तकात वाचले नव्हते, कानांनी ऐकले होते. इंग्लंडचे एक निवृत्त सिग्नलमन, हॅरी, आणि मी तर एकमेकांना नुसते आकडे लिहून पाठवायचो आणि हसायचो.

डॉक्टरांनी ठरवलं, या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत प्रदर्शन भरवायचं आणि त्यात माझं स्टेशन बनवायचं. मी नकाशा काढून दिला. टाकी, कडुनिंब, फलाट, माझी खोली. दुकानदार पिंपळकरांनी तर कापसाच्या बोंडासारखी शेळी करून डब्याखाली ठेवली. शेळीची गोष्ट मी कधी बोलून गेलो होतो. बाकीची नाही.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी पाटीचा मजकूर वाचून दाखवला. "या स्थानकावर एका अशिक्षित पॉइंट्समनच्या निष्काळजीपणामुळे दोन गाड्या समोरासमोर येता येता वाचल्या."

मी त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला. "हे कोणी लिहिलं?"

"इंटरनेटच्या चर्चेत होतं, काका. तिकडच्या लोकांना फार आवडलं. वेल्समध्ये शंभर वर्षांपूर्वी असंच झालं होतं ना, त्याच गाडीला तोच गोळा परत. तिथे मात्र गाड्या धडकल्या."

"अशिक्षित म्हणजे काय? तुम्ही ओळखता त्यांना? इंजिनावरच्या प्रत्येक खिळ्याचं नाव तुम्हाला पाठ, आणि झेंडी घेऊन पळणाऱ्या माणसाचं नावसुद्धा पाटीवर नाही!"

"काका, रेकॉर्डवर आहे ते. आणि ज्यानं लिहिलं तो रेल्वेतलाच अधिकारी आहे."

"कोण?"

डॉक्टरांनी मोबाइल पुढे केला. खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं. माझा विद्यार्थी. आणि शेवटी आदरानं लिहिलेली ओळ, 'ही घटना आम्हाला आमच्या गुरुजींनी वर्गात सांगितली होती.'

मी ओरडत होतो ते ज्याच्यावर, तो मीच निघालो. पाटी काढा, एवढंच म्हणून मी घरी आलो. का काढा, ते सांगितलं नाही. त्या वेळी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चेत हॅरींचा प्रश्न आला होता. दोनच ओळी. त्यांनी लिहिलं होतं की आमच्याकडे सिग्नलमन स्वतः ड्रायव्हरच्या हातात कडी देतो, म्हणून मला समजून घ्यायचं आहे. गोळा पिशवीत घालायचं काम मास्तरांचं. मग त्या पॉइंट्समनच्या हातात ती पिशवी कोणी दिली?

मी तो प्रश्न पुन्हा पुन्हा वाचला. तीन साहेब अकोल्याहून आले होते. फलाटावर उभे राहिले, चहा प्यायले, वाचता येतं का म्हणून विचारलं. हा एक प्रश्न त्यांना सुचला नाही. समुद्रापलीकडचा म्हातारा, ज्यानं आमचा कडुनिंब पाहिला नाही, ज्याला गुलाबभाऊंचं नाव माहीत नाही, त्यानं घरी बसून विचारला. साहेबांना का सुचला नाही? पॉइंट्समन समोर उभा होता, मग आणखी विचारायचं कशाला? मला अजूनही हे लिहिताना संताप येतो. आणि लगेच आठवतं की त्यांनी विचारलं असतं तरी मी खोटंच सांगणार होतो.

मी उत्तर लिहिलं. इंग्रजी माझं शाळेतलं, चुका होतात. पण त्या उत्तरात चूक व्हायला जागाच नव्हती. एकच शब्द होता: मी.

त्या संध्याकाळी मंडळाच्या बैठकीला गेलो. टेबलावर माझं स्टेशन मांडलेलं होतं. मी यंत्राच्या खोलीचं छप्पर उचललं, आतलं टेबल दाखवलं आणि सगळं सांगितलं. फोन, शेळी, रिकामं टेबल, पेन्सिलचा मसुदा, सही. पिंपळकर चष्मा पुसत बसले.

डॉक्टर म्हणाले, "काका, पाटीवर तुमचं नाव नको घालायला. 'मास्तर' एवढंच लिहू."

"का? त्यांच्या वेळेला 'पॉइंट्समन' लिहिताना तुम्ही थांबलात? नाव घाला. दोघांचंही घाला."

पिंपळकर हळूच म्हणाले, "पेन्शनवर काही येणार नाही ना, भाऊ? कशाला उगाच लावून घेता मागे?"

येईल का, मला माहीत नाही. माझ्या बायकोनंही हेच विचारलं. मी तिला म्हणालो, गुलाबभाऊंना तेव्हा कोणी विचारलं होतं? दुसऱ्या दिवशी कपाटातून माझ्या नोकरीचे जुने कागद तिनंच काढून दिले.

गुलाबभाऊ आता ऐंशीच्या जवळ आले आहेत. दर्यापूरकडच्या एका गावात लेकीजवळ राहतात, हे मला फाटकावरच्या एका जुन्या माणसाकडून कळलं. इतक्या वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. कामात होतो असं लोकांना सांगायचो. खरं म्हणजे त्यांनी मला प्रेमानं बसवलं असतं, चहा दिला असता, आणि तेच मला सोसलं नसतं. शेवटी पत्र लिहिलं. ते जसंच्या तसं इथे देतो.

गुलाबभाऊ,
सादर नमस्कार.

मी सुधाकर मास्तर. हे पत्र लेकीकडून मोठ्यानं वाचून घ्या, घरातल्या सगळ्यांना ऐकू द्या. जावयांना, नातवंडांना, शेजारी बसले असतील तर त्यांनाही.

त्या दिवशी पॅसेंजरला चुकीचा गोळा गेला तो मी दिला. तुम्ही टेबलावरून काही उचललं नाही. मी तुमच्या हातात दिला. देताना तुम्ही विचारलंही होतं, "पाह्यलं ना, मास्तर?" आणि मी म्हणालो होतो, "पाहिलं, पाहिलं, द्या." मी पाहिलं नव्हतं. हा प्रश्न तुम्ही चौकशीत कोणाला सांगितला नाही. मीही आजवर कोणाला सांगितला नाही, बायकोलाही नाही. परवा मंडळात सगळं सांगितलं, तिथेही हे जिभेवर आलं आणि परत गेलं. तुमच्या घरच्यांना कदाचित वाटत असेल की बाबांच्या हातून काहीतरी घडलं म्हणून बाबा फाटकावर गेले. काही घडलं नव्हतं. त्यांच्या पायांमुळे दोन गाड्यांतली माणसं घरी पोचली, त्यात एका म्हाताऱ्याची शेळीसुद्धा.

तुम्ही कॅबिनमन व्हायला हवे होते. पंचवीस लिव्हरची कॅबिन तुम्ही डोळे मिटून चालवली असती. ती तुम्हाला मी मिळू दिली नाही. त्याची भरपाई माझ्याजवळ नाही आणि मी ती आहे असं दाखवणार नाही.

अमरावतीत आपल्या स्टेशनचं छोटं रूप मांडलं आहे. त्याच्या पाटीवर आता खरं लिहिलं आहे, तुमच्या नावानिशी आणि माझ्याही. पण पाटी प्रदर्शन संपलं की निघेल. म्हणून मी रेल्वेच्या कार्यालयाला देण्यासाठी जबानी लिहिली आहे. तुमच्या कागदावरचा तो शब्द काढावा आणि माझ्या कागदावर लिहावा, अशी मागणी केली आहे. ते काय करतील मला ठाऊक नाही. इतक्या जुन्या प्रकरणात कोण हात घालतं, असंही म्हणतील. तरी त्यांच्या दफ्तरात एक खरा कागद पडलेला असेल.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. "जाऊ द्या ना मास्तर, आता काहून?" म्हणाल. तेव्हा तुमचं ऐकलं आणि सही केली. या जबानीवर सही करताना तुम्हाला विचारलेलं नाही. आज सकाळी ती टपालात टाकली आणि तिथेच बसून हे पत्र लिहिलं, तेही आता टाकतो आहे.

तुमचा,
सुधाकर